टिंबाआड लपलेला उंबरठा: एका आर पॅकेजचं प्रकरण

हे प्रकरण आमच्याच गटात घडलं. माणसांची आणि संस्थेची नावं काढली आहेत. कोडमधली नावं वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत लिहिली आहेत. घटनांचा क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे.

पार्श्वभूमी

आम्ही तिघं-चौघं महाराष्ट्रातल्या तालुक्यांच्या रोजच्या पावसाच्या नोंदींवर काम करतो. सकाळी साडेआठला पर्जन्यमापकावरून घेतलेला एकेक आकडा आमच्याकडे येतो. त्यातून पावसाचे दिवस किती, मुसळधार पावसाचे किती आणि पावसात खंड कुठे पडला हे काढायचं असतं. भारतीय हवामान विभागाच्या व्याख्येप्रमाणे दिवसभरात २.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला तर तो पावसाचा दिवस. ६४.५ पासून मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार, २०४.५ पासून त्याच्याही वरचा वर्ग.

हे सगळं आम्ही चार वर्षं आर भाषेतल्या सुट्या स्क्रिप्टमधून करत होतो. ‘सेटअप’ नावाची एक स्क्रिप्ट आधी चालवायची, मग बाकीच्या. सेटअपमध्ये लायब्ररी लोड व्हायच्या आणि काही ठरीव आकडे ठेवलेले असायचे. त्यातलाच एक ‘.उंबरठा’. त्याची किंमत २.५. नावाच्या आधी टिंब देण्याची सवय माझी. टिंबाने सुरू होणारं नाव ‘एलएस()’ (तयार केलेल्या नावांची यादी देणारा आदेश) दाखवत नाही, आरस्टुडिओ या आर लिहिण्याच्या सॉफ्टवेअरच्या एन्व्हायर्न्मेंट चौकटीतही ते दिसत नाही. रोजच्या कामात पसारा नको, एवढाच त्यामागचा विचार.

मराठवाड्यातल्या एका संशोधक विद्यार्थिनीला हीच फंक्शन्स तिच्या कामासाठी हवी होती. तेव्हा आमच्या गटातल्या ताई म्हणाल्या, “अरे, स्क्रिप्ट किती दिवस मेलवर पाठवणार? पॅकेज कर.” पॅकेज म्हणजे दुसऱ्याला एकदम इन्स्टॉल करता येईल असा फंक्शन्सचा गठ्ठा. मी तयार सांगाड्यावरून पॅकेज सुरू केलं, फंक्शन्स वेगवेगळ्या फायलींत टाकली आणि सेटअपची स्क्रिप्ट बाजूला ठेवली. तिच्यात ‘फंक्शन’ असं काही नव्हतं, त्यामुळे ती पॅकेजमध्ये यायला हवी हे डोक्यातच आलं नाही. नेमस्पेसची फाइल, म्हणजे पॅकेजमधली कोणती नावं बाहेर वापरता येतील हे ठरवणारी फाइल, सांगाड्याबरोबर आली तशीच राहिली. अक्षराने सुरू होणारं प्रत्येक नाव बाहेर द्या, अशी एकच ओळ तिच्यात होती.

अडचण

पॅकेज बांधून तिला पाठवलं. इन्स्टॉल व्यवस्थित झालं. पावसाचे दिवस मोजणारं ‘दिवस_मोज()’ फंक्शन चालवल्यावर मात्र निरोप आला: ऑब्जेक्ट ‘.उंबरठा’ नॉट फाउंड.

माझ्या मशीनवर तेच फंक्शन त्याच डेटावर बिनतक्रार चालत होतं. मी ‘आरएम(लिस्ट = एलएस())’ करून सगळं पुसलं आणि ‘लोड_ऑल()’ (पॅकेजचा कोड इन्स्टॉल न करताच सेशनमध्ये आणणारा आदेश) करून पुन्हा चालवलं. चाललं. एन्व्हायर्न्मेंटची चौकट कोरी होती. त्यामुळे दोष तिच्याकडच्या जुन्या आरचा असणार, असं मी ठरवून टाकलं आणि तिला आर नव्याने घालायला सांगितलं. तिच्या हॉस्टेलच्या इंटरनेटवर त्यात तिचा अख्खा दिवस गेला, आणि एरर जिथल्या तिथे राहिली.

पहिला चुकलेला निर्णय हा. ‘माझ्याकडे चालतं’ हे मी पुराव्यासारखं वापरलं. एररमध्ये नाव स्पष्ट लिहिलेलं होतं. ‘हे नाव पॅकेजच्या कोणत्या फाइलमध्ये तयार होतं?’ एवढं शोधलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं की कुठेच होत नाही.

दुसऱ्या दिवशी तीच म्हणाली, “दादा, तुमच्याच मशीनवर एकदा अगदी रिकामं आर उघडून बघता का?” मी टर्मिनलमध्ये ‘आरस्क्रिप्ट’ला ‘व्हॅनिला’ पर्याय देऊन तीच ओळ चालवली. या पर्यायाने आर जुनं काहीही न उचलता सुरू होतं. काही सेकंदांत माझ्याही मशीनवर तीच एरर आली.

लपलेलं कुठे होतं

मग माझ्या नेहमीच्या सेशनमध्ये ‘एलएस(ऑल.नेम्स = ट्रू)’ चालवलं. रिकाम्या दिसणाऱ्या त्या चौकटीमागे दोन नावं निघाली. ‘.रँडम.सीड’ हे आरचं स्वतःचं, आणि दुसरं ‘.उंबरठा’. त्याची किंमत छापली. १ आली.

२.५ नव्हे, १. हे बघून पोटात गोळा आला.

हा १ कुठून आला ते आठवायला थोडा वेळ लागला. हवामानबदलाच्या आंतरराष्ट्रीय निर्देशांकांत ओला दिवस १ मिलिमीटरपासून धरतात. मागच्या हिवाळ्यात आमचे आकडे त्या निर्देशांकांशी ताडून बघताना मी कन्सोलवरच ‘.उंबरठा’ला १ दिला होता. आर बंद करताना वर्कस्पेस, म्हणजे सेशनमध्ये तयार केलेली सगळी नावं आणि त्यांच्या किमती, जतन करायची का, असं विचारलं जातं. मी हो म्हटलं. तेव्हापासून ‘.आरडेटा’ या फाइलमधून तो १ रोज सकाळी माझ्याबरोबर उठत होता. पूर्वी सेटअप चालवलं की तो २.५ होऊन जायचा. पॅकेज झाल्यावर सेटअप चालवणं थांबलं. माझं ‘पुसणं’ही त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं, कारण ‘एलएस()’ जे दाखवत नाही ते त्या ओळीने पुसलं जात नाही. आरस्टुडिओत झाडूच्या चिन्हावर टिचकी मारली की लपलेली ऑब्जेक्टही काढायची का, अशी चौकट येते. तो झाडू मी कधी वापरलाच नव्हता.

पण पॅकेजमधलं फंक्शन माझ्या वर्कस्पेसमधला आकडा उचलतंच कसं? नेमस्पेस म्हणजे भिंत, असा माझा समज होता. आरमध्ये नाव शोधण्याचा क्रम असा आहे: आधी फंक्शनच्या आत, मग पॅकेजचा नेमस्पेस (त्याची स्वतःची नावं), मग त्या पॅकेजने इतर पॅकेजांतून इम्पोर्ट केलेली नावं, मग बेस हे आरचं मूळ पॅकेज. तिथवर सापडलं नाही तर शोध थांबत नाही. तो ग्लोबल एन्व्हायर्न्मेंटमध्ये, म्हणजे आपल्या वर्कस्पेसमध्ये जातो, आणि तिथून पुढे जोडलेल्या पॅकेजांच्या रांगेत. या भिंतीला मागच्या बाजूने दार आहे. पॅकेजमध्ये जे आहे त्याला बाहेरचं कोणी धक्का लावू शकत नाही. पण पॅकेजमध्ये जे नाही ते बाहेरून गुपचूप आत येऊ शकतं. शिवाय हा शोध फंक्शन चालतानाच होतो. म्हणूनच इन्स्टॉल करताना कोणीही तक्रार केली नाही.

याचा जो अर्थ होता तो मनाला सगळ्यात जास्त लागला. तिच्याकडे एरर येत होती, म्हणून तिचे आकडे चुकले नाहीत. माझ्याकडे उत्तर येत होतं, आणि तेच चुकीचं होतं. त्या उत्तरांवर तालुक्यांचा एक मसुदा तक्ता मी ताईंना देऊनही बसलो होतो.

चूक किती मोठी, हे समजायला एका मापकाचे बारा दिवस पुरे आहेत. समजा नोंदी अशा आहेत: ०, ०, ०.४, ०, १.८, ०, ०, ०, ०, ०.२, ०, ०. उंबरठा २.५ असेल तर हा सलग १२ दिवसांचा खंड. उंबरठा १ असेल तर पाचव्या दिवसाचा १.८ मिलिमीटर ‘पाऊस’ ठरतो आणि खंड ४ आणि ७ दिवसांचा असा तुटतो. शेतात उभ्या असलेल्या सोयाबीनला त्या १.८ मिलिमीटरने काहीच मिळालेलं नसतं. २०२३ चा ऑगस्ट १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, तेव्हा पीकविम्यासाठी २१ दिवसांच्या खंडाची चर्चा गावोगाव चालली होती. अशा वेळी खंड कागदावर आपोआप तुटणं ही काही छोटी तांत्रिक चूक म्हणता येत नाही.

चेकने सांगितलं नव्हतं का?

सांगितलं होतं. हा या प्रकरणातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग आहे.

पॅकेजच्या पहिल्या आठवड्यात मी ‘आर सीएमडी चेक’ हा पॅकेज तपासणारा आदेश चालवला होता. ‘नो व्हिजिबल बाइंडिंग फॉर ग्लोबल व्हेरिएबल’ अशा नोंदींची लांबलचक यादी आली. डीप्लायर हे तक्त्यातल्या ओळी-रकाने हाताळायचं पॅकेज वापरणाऱ्यांना ती ओळखीची असते. ‘तालुका’, ‘तारीख’, ‘पाऊस’ ही रकान्यांची नावं कोडमध्ये अवतरणाशिवाय येतात आणि चेकला ती अनाथ व्हेरिएबल वाटतात. यावर ‘ग्लोबलव्हेरिएबल्स()’ नावाचा उपाय आहे. ही नावं मला ठाऊक आहेत, त्यांच्याबद्दल बोलू नकोस, असं त्यातून चेकला सांगता येतं. चेक शेवटी सगळी अनाथ नावं एका जागी जोडून देतं. मी ती यादी जशीच्या तशी उचलून तिथे चिकटवली. त्या यादीत ‘.उंबरठा’ होता. ‘फिल्टर’ही होतं. पुढच्या चेकला एकही नोंद आली नाही, आणि पॅकेज स्वच्छ झालं असं मी मानलं.

चाचण्या तेव्हा लिहिलेल्याच नव्हत्या. नंतर लिहिल्या त्या ‘टेस्ट()’ने माझ्याच चालू सेशनमध्ये चालवल्या, जिथे तो १ बसलेलाच होता. उदाहरणंही ‘चालवू नका’ या खुणेत गुंडाळलेली होती. त्यामुळे कोऱ्या सेशनमध्ये एकही ओळ कधी चाललीच नव्हती.

पर्याय

ताई, ती विद्यार्थिनी आणि मी असे तिघं कॉलवर बसलो. पुढचे पर्याय बोलले गेले.

सगळ्यात सोपा होता तो: वापरणाऱ्याने आपल्या वर्कस्पेसमध्ये ‘.उंबरठा’ तयार करावा, अशी सूचना मदतपानात लिहायची. हा एका वाक्यात बाद झाला. मूळ रोगच तो होता. पॅकेज लोड होताना ‘.ऑनलोड’मधून ते ऑब्जेक्ट वापरणाऱ्याच्या ग्लोबल एन्व्हायर्न्मेंटमध्ये टाकायचं, असं मी सुचवलं. ताईंनी ते तिथेच थांबवलं. दुसऱ्याच्या वर्कस्पेसला न विचारता हात लावायचा नाही, हा क्रॅन या आर पॅकेजांच्या भांडाराचाही नियम आहे, आणि त्याच नावाचं त्याचं स्वतःचं काही असेल तर आपण ते पुसून टाकू.

मग राहिले तीन: ‘सिसडेटा’ या अंतर्गत डेटाफाइलमध्ये ठेवणं, साध्या कोडफाइलमध्ये स्थिरांक म्हणून लिहिणं, किंवा फंक्शनचा आर्ग्युमेंट (फंक्शन चालवताना देता येणारी किंमत) करणं. मी सिसडेटाकडे झुकलो. तालुका आणि जिल्हा यांच्या जोड्यांची मोठी सारणी आधीच तिथे होती, मग ठरीव आकडेही तिथेच असावेत असं वाटलं.

प्रत्यक्ष काय केलं

‘यूज_डेटा()’ला ‘इंटर्नल’ आणि ‘ओव्हरराइट’ दोन्ही ट्रू देऊन उंबरठा सिसडेटात घातला. कोऱ्या सेशनमध्ये चाचण्या लावल्या. आता तालुक्यांची सारणी गायब! अंतर्गत डेटाची फाइल एकच असते, आणि हा आदेश तिच्यात भर घालत नाही. ती नव्याने लिहितो. जी ऑब्जेक्ट त्या एका आदेशात दिली तेवढीच उरतात. सारणी बनवणारी स्क्रिप्ट ‘डेटा-रॉ’ फोल्डरमध्ये होती, म्हणून ती परत आली. नसती तर फायलींच्या जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या गिटमधून जुनी फाइल काढावी लागली असती.

त्यानंतर मी सिसडेटाचा हट्ट सोडला. ती बायनरी फाइल आहे. उद्या कोणी २.५ चा १ केला तर गिटच्या फरकात फक्त ‘फाइल बदलली’ एवढंच दिसेल. कोडफाइलमधली ओळ बदलली तर आकडा डोळ्यांसमोर येतो. म्हणून उंबरठा साध्या फाइलमध्ये स्थिरांक झाला, आणि ‘दिवस_मोज()’ला ‘उंबरठा’ नावाचा आर्ग्युमेंट मिळाला. त्याचं डीफॉल्ट तो स्थिरांक. ज्याला आंतरराष्ट्रीय निर्देशांकांशी तुलना करायची आहे त्याने उघडपणे १ द्यावा. नावाआधीचं टिंबही काढलं. टिंब दिल्याने बिघडलं होतं असं नाही. पण आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मग ‘ग्लोबलव्हेरिएबल्स()’ची ओळ पूर्ण खोडली आणि चेक पुन्हा चालवलं. जुनी यादी परत आली. या वेळी प्रत्येक नाव हातात घेऊन बघितलं. रकान्यांची नावं ‘.डेटा’ या सर्वनामाने लिहिली, म्हणजे ती तक्त्यातली आहेत हे उघड झालं. मग ‘फिल्टर’ आलं, आणि तिथे आम्ही आणखी एका खड्ड्याच्या काठावर होतो. चेक स्वतःच सुचवत होतं: नेमस्पेसमध्ये ‘स्टॅट्स’मधून ‘फिल्टर’ इम्पोर्ट करा. मी ती ओळ कॉपीसुद्धा केली होती. विद्यार्थिनी म्हणाली, “पण दादा, आपलं फिल्टर तर डीप्लायरचं आहे ना?” अगदी बरोबर. स्टॅट्समधलं फिल्टर कालमालिकेवर फिरती सरासरी वगैरे काढण्यासाठी आहे. त्याचा ओळी गाळण्याशी संबंध नाही. चेकला नुसतं नाव दिसतं. आरबरोबर येणाऱ्या पॅकेजांत ते नाव मिळालं, म्हणून त्याने तसं सुचवलं. आमच्या मनात कोणतं फिल्टर आहे हे त्याला कळायला मार्ग नाही.

माझ्याकडे सेशनमध्ये डीप्लायर नेहमी जोडलेलं असायचं, म्हणून योग्य फिल्टर सापडत होतं. तिच्याकडे उंबरठ्याची अडचण सुटल्याबरोबर पुढची एरर आली असती: ऑब्जेक्ट ‘तालुका’ नॉट फाउंड. दिसायला अगदी पहिल्या एररसारखीच, पण कारण वेगळं. पहिल्यात नाव कुठेच नव्हतं. दुसऱ्यात नाव सापडलं, पण भलत्याच फंक्शनचं. आम्ही डीप्लायरमधून फिल्टर इम्पोर्ट केलं, आणि पॅकेजच्या डिस्क्रिप्शन फाइलमध्ये डीप्लायर ‘इम्पोर्ट्स’खाली आहे ना तेही तपासलं.

शेवटी नेमस्पेस. ‘सगळं बाहेर’ ही ओळ काढून बाहेर द्यायच्या प्रत्येक फंक्शनवर रॉक्सिजनची (कोडमधल्या खुणांवरून नेमस्पेस आणि मदतपानं लिहिणारं पॅकेज) एक्स्पोर्टची खूण घातली आणि ‘डॉक्युमेंट()’ चालवलं. फाइल जशीच्या तशी! रॉक्सिजन फक्त स्वतः लिहिलेली नेमस्पेस फाइल बदलतं. हाताने केलेल्या फाइलला हात लावत नाही आणि तसा निरोप देऊन पुढे जातं. तो निरोप आधी नजरेतून सुटला होता. जुनी फाइल खोडून पुन्हा चालवलं, तेव्हा नवी तयार झाली.

त्याबरोबर आमच्या अहवालाची स्क्रिप्ट मोडली. ‘नाव_साफ()’ हे मदतनीस फंक्शन ती वापरत होती, आणि आता ते बाहेर नव्हतं. ‘लोड_ऑल()’ केल्यावर मात्र सगळं चालत होतं, कारण ते आतली फंक्शन्सही हाताशी आणून ठेवतं. म्हणून त्यावर विसंबायचं नाही असं ठरवलं. तीन कोलन देऊन आतलं फंक्शन ओढता आलं असतं. ताई म्हणाल्या, “आपल्यालाच ते बाहेरून लागतंय, म्हणजे इतरांनाही लागणार.” ते रीतसर एक्स्पोर्ट केलं आणि त्याला मदतपान लिहिलं.

निष्पत्ती

मसुदा तक्ता मागे घेतला, आकडे पुन्हा काढले आणि का बदलले याची टीप ताईंनी अहवालात घातली. ती टीप त्यांनी आग्रहाने घातली, आणि त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. तक्ता गुपचूप बदलणं सोपं होतं.

चाचण्यांत आता पहिली ओळ सीमेवरच्या आकड्यांची आहे: ०, १.८, २.४, २.५ आणि ६४.५ दिले तर पावसाचे दिवस २ यायला हवेत. उंबरठा १ घुसला तर उत्तर ४ येईल आणि चाचणी तिथेच पडेल. आरस्टुडिओत ‘.आरडेटा’ सुरुवातीला उचलणं आणि बंद करताना जतन करणं, दोन्ही आम्ही सगळ्यांनी बंद केलं. प्रत्येक बदलावर गिटहबच्या यंत्रावर कोऱ्या आरमध्ये चेक चालतं.

पुन्हा करायचं झालं तर

चेक मी पहिल्या फंक्शनपासून चालवेन. पन्नास नोंदी एकदम आल्या की माणूस त्या गप्प करण्याच्या मागे लागतो. एकेक आली तर वाचतो. ‘ग्लोबलव्हेरिएबल्स()’मध्ये नाव घालायची वेळ आलीच तर ते नाव कोणत्या रकान्याचं आहे, हे शेजारी लिहिल्याशिवाय घालणार नाही.

एररमधलं नाव आधी स्वतःच्या कोडमध्ये शोधेन. ते तिथे नसेल तर ‘गेटएनीव्हेअर()’ला विचारेन. ते टिंबवालं नावही शोधतं आणि कुठे सापडलं ते सांगतं. मी त्या पहिल्याच संध्याकाळी ते चालवलं असतं तर उत्तरात ‘.ग्लोबलएन्व्ह’ दिसलं असतं आणि गोष्ट तिथेच संपली असती.

सांगाड्याबरोबर आलेली नेमस्पेस फाइल पहिल्याच दिवशी बदलेन. ‘सगळं बाहेर’ ठेवलं की कोणतं फंक्शन लोकांसाठी आणि कोणतं आपल्यापुरतं, हा विचारच केला जात नाही. तो शेवटी करावाच लागतो, आणि तोवर दुसऱ्यांच्या स्क्रिप्ट त्यावर उभ्या राहिलेल्या असतात.

एका गोष्टीवर आमच्यात अजून मतभेद आहे. ताईंचं म्हणणं, उंबरठ्याला डीफॉल्ट नकोच. वापरणाऱ्याने दर वेळी आकडा स्वतः लिहावा, म्हणजे तो काय मोजतोय हे त्याला ठाऊक राहील. मला हवामान विभागाची व्याख्या डीफॉल्ट असणं योग्य वाटतं. विद्यार्थिनीने मधला मार्ग काढला. तिच्या सूचनेप्रमाणे ‘दिवस_मोज()’च्या उत्तराबरोबर आता वापरलेला उंबरठाही छापला जातो. तिच्या तालुक्याच्या तक्त्याखाली तो येतो: २.५ मिलिमीटर.